येणाऱ्याची वाट

बारा वर्षांचा असताना मला चर्चमध्ये पहिल्यांदा वाचन मिळाले. आगमनकाळातला रविवार होता आणि अध्याय होता यशयाचा सातवा. आदल्या रात्री आजीने मला समोर बसवून तो चार वेळा वाचून घेतला. रसीन, पेकह, रमाल्या, शार-याशूब. एकेका नावाला माझी जीभ अडकत होती. शेवटी वैतागून मी विचारले, नावे गाळली तर नाही का चालणार? आजी म्हणाली, "नावांना काय घाबरतोस? माणसंच होती ती." दुसऱ्या दिवशी नावे कशीबशी पार पडली. पण वरच्या तळ्याच्या पाटाशी, परटाच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर जाऊन राजाला गाठ, असे देव यशयाला सांगतो, त्या ओळीला पुढच्या बाकांवरची पोरे खुदकन हसली. आमच्या चर्चच्या मागेच परटाची भट्टी होती.

त्या दिवशी पाळकसाहेबांनी उपदेश केला तो कुमारी आणि इम्मानुएल यांच्यावर. परटाच्या शेताबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही. जगाच्या तारणाऱ्याचा इशारा द्यायला देवाला हीच जागा का सापडावी, हे मला कुणी सांगितले नाही आणि मीही कुणाला विचारले नाही. प्रश्न मात्र राहून गेला. 1 ते 24 डिसेंबर, रोज एक याप्रमाणे या संग्रहातली चोवीस वाचने निवडताना तोच प्रश्न मी प्रत्येक वाचनाला विचारत आलो आहे. हे वचन कुठे उभे राहून दिले, कुणाला दिले, आणि त्या घडीला त्या माणसाची अडचण काय होती?

म्हणून आधी परटाच्या शेतावरच जाऊ. इ.स.पू. 735च्या आसपासचा काळ. यरुशलेमात आहाज गादीवर आहे, वयाने विशी-पंचविशीतला. उत्तरेला दमास्कसचा रसीन आणि शोमरोनचा पेकह या दोन राजांनी हातमिळवणी केली आहे. अश्शूरच्या साम्राज्यापुढे फळी उभारायची, आहाज त्यात येत नसेल तर त्याला उचलून बाजूला करायचे आणि आपल्या मर्जीतला कुणीतरी बसवायचा, असा त्यांचा बेत. वेढा पडणार म्हटल्यावर कोणत्याही शहराला पहिली काळजी पाण्याची. राजा पाट बघायला बाहेर पडलेला असणार. परीट तिथे आहे, कारण त्याला वाहते पाणी लागते आणि त्याच्या कामाची घाण गावाला वेशीबाहेर हवी असते. राजाच्या या पाहणीत यशया येऊन उभा राहतो. सोबत त्याचा लहान मुलगा. मुलाचे नाव शार-याशूब, म्हणजे 'उरलेले परत येतील'. बापाने पोराच्या नावातच अर्धी धमकी आणि अर्धा धीर घालून ठेवला आहे.

यशया म्हणतो, घाबरू नकोस, ते दोघे विझत आलेली कोलिते आहेत, नुसती धुमसताहेत. हवी तर देवाकडे खूण माग. आहाज म्हणतो, छे, मी देवाची परीक्षा पाहणार नाही. उत्तर ऐकायला सोज्ज्वळ आहे. पण राजांच्या दुसऱ्या पुस्तकात याच आहाजाने मंदिरातले आणि राजवाड्यातले सोने-रुपे काढून अश्शूरच्या राजाकडे मदतीसाठी पाठवल्याची नोंद आहे. त्याचा मार्ग ठरलेला होता. देवाची खूण मिळाली असती तर तीच पंचाईत झाली असती. भक्तीच्या भाषेत दिलेला नकार आपण मंडळीच्या कमिटीत पुष्कळदा ऐकतो, म्हणून हा प्रसंग मला जवळचा वाटतो.

मग यशया न मागितलेली खूण देतो. एका तरुणीला मूल होईल, त्याचे नाव इम्मानुएल, म्हणजे 'देव आमच्याबरोबर'. ते मूल बरे-वाईट ओळखण्याच्या वयाचे होण्याआधी त्या दोन राजांचे मुलूख ओस पडलेले असतील. मूळ प्रसंगात मूल हे घड्याळ आहे, हे वाचताना सुटता कामा नये. आईच्या पोटापासून ते चांगले-वाईट कळेपर्यंत, एवढा अवधी. आणि तसे झाले. इ.स.पू. 732 मध्ये दमास्कस पडले, 722च्या सुमारास शोमरोनही.

गोष्ट इथे संपत नाही. आहाजाचा मुलगा हिज्कीया राजा असताना, इ.स.पू. 701 मध्ये, ज्या अश्शूरला बापाने सोने देऊन बोलावले होते त्याचेच सैन्य यरुशलेमच्या दारात आले. त्यांचा अधिकारी जिथे उभा राहून ओरडला ती जागा यशयाचा ग्रंथ छत्तिसाव्या अध्यायात नेमकी सांगतो: वरच्या तळ्याचा पाट, परटाच्या शेताचा रस्ता. हिज्कीयाचे कारभारी त्याला विनवतात, बाबा रे, आमच्याशी अरामी भाषेत बोल, तटावर माणसे बसली आहेत, त्यांना कळेल असे बोलू नकोस. तो मुद्दाम आणखी मोठ्याने, लोकांच्याच बोलीत बोलतो. पुस्तक जुळवणाऱ्याने ती जागा उगाच दोनदा लिहिली नाही. एके ठिकाणी वचन नाकारले गेले आणि तीसेक वर्षांनी त्याच ठिकाणी नाकारण्याची किंमत येऊन उभी राहिली. त्या रविवारी पोरे हसली नसती तर ही दोन टोके मी कधी जोडली असती असे वाटत नाही.

आता या प्रकरणाची दुसरी बाजू. सातेकशे वर्षांपेक्षा अधिक काळ गेल्यावर मत्तयाने शुभवर्तमान लिहिताना येशूच्या जन्माच्या हकिकतीत यशयाचे हेच वचन घातले. यशयाच्या हिब्रूत शब्द आहे 'अल्मा', म्हणजे लग्नाच्या वयाची तरुणी. ख्रिस्तपूर्व काळात यहुद्यांनीच केलेल्या सेप्टुआजिंट या ग्रीक भाषांतरात तिथे 'पार्थेनोस', म्हणजे कुमारी, हा शब्द आला आणि मत्तयाच्या हाताशी तोच होता. या एका शब्दावर दोन हजार वर्षे वाद चालला आहे. ख्रिस्ती वाचकाने तो लपवू नये असे माझे मत आहे, आणि या संग्रहात त्या वाचनाखालच्या टिपणात तो मांडलाही आहे. मत्तय कोडे सोडवत नव्हता. घरात नवे मूल आले की आजोबांचे नाक, आत्याची जिवणी त्याच्यात दिसू लागते. आधी मूल येते, मग सारखेपणा दिसतो. मत्तयाने येशूला पाहिले आणि मग यशयाच्या पानाकडे मागे वळून पाहिले. त्याच्या आधी ते पान आहाजाचे होते, आणि नंतरही आहाजाचे राहिलेच.

आपल्याकडे गडबड होते ती शब्दामुळे. आजी यशयाला 'भविष्यवादी' म्हणायची. जुन्या पिढीत तो शब्द सर्रास होता. भविष्य म्हटले की आपल्याला वर्तमानपत्रातले राशिभविष्य आठवते, पोपटवाला आठवतो, आणि मग 'सांगितले तसे झाले का' एवढाच हिशोब उरतो. आजच्या मराठी बायबलमधला 'संदेष्टा' हा शब्द फार नेमका आहे. संदेष्टा निरोप आणतो. निरोप आज, इथे, या माणसासाठी असतो. पुढच्या काळाबद्दल त्यात काही असले तरी ते आजचे पाऊल कुठे पडावे यासाठी असते. पावसाचे भाकीत खरे ठरले की आपण ते विसरतो. बापाने लेकराला दिलेल्या वचनाचे तसे नसते. ते एकदा पाळले तरी पुढच्या वेळी पोरगे त्याचाच हवाला देऊन दारात उभे राहते. या चोवीस वाचनांकडे मी त्या नजरेने पाहतो आणि वाचकानेही पाहावे अशी विनंती आहे.

शब्दांचे निघाले आहे म्हणून आणखी एक. प्रॉटेस्टंट घरांत 'तारण' आणि 'तारणारा' हे शब्द लहानपणापासून कानावर पडतात. कॅथलिक मंडळी 'मुक्तिदाता' अधिक म्हणतात. चर्चबाहेरच्या मराठी माणसाला मात्र तारण म्हटले की सोनाराचे दुकान आणि बँकेचे कर्ज आठवते. तारण ठेवायचे म्हणजे दागिना ठेवायचा, सोडवून आणेपर्यंत. माझ्या एका हिंदू मित्राने हे हसत हसत दाखवून दिले तेव्हा मला आधी राग आला. मग वाटले, वचन आणि त्याची पूर्तता यांच्या मधल्या काळात माणसाच्या हाती जे असते त्याला याहून चांगला शब्द मिळणार नाही.

मराठीत या विषयाचे पहिले मोठे पुस्तक चारशे वर्षांपूर्वीचे आहे. इंग्लंडात जन्मलेला, 1579 मध्ये गोव्यात आलेला जेजुइट पाद्री थॉमस स्टीफन्स याचा ग्रंथ आपण 'ख्रिस्तपुराण' म्हणून ओळखतो. 1616 मध्ये राशोलला तो रोमन लिपीत छापला गेला तेव्हा त्याच्या पोर्तुगीज शीर्षकाचा अर्थ होता: आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयीचे विवेचन, दोन भागांत. येण्याविषयी. सासष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांची पूर्वीची पुराणे सुटली होती आणि त्या जागी वाचायला, ऐकायला काही नव्हते. त्यांच्यासाठी स्टीफन्सने ओवी घेतली आणि अकरा हजारांच्या घरात ओव्या रचल्या. त्यातले पहिले पुराण सगळे जुन्या कराराचे आहे, उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या लोकांपर्यंत. म्हणजे येशू जन्माला येण्याआधी ऐकणाऱ्याला हजारो ओव्या थांबावे लागते. आज आपण 1 डिसेंबरलाच चांदणी लावून मोकळे होतो. वाट कशी पाहायला लावावी हे स्टीफन्सला आपल्यापेक्षा बरे कळत होते.

आगमनकाळ हा चर्चच्या पंचांगातला पहिला काळ. नाताळाआधीचे चार रविवार. पहिला 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येतो. त्याची सुरुवात गॉल प्रांतात, आजच्या फ्रान्सात, पाचव्या-सहाव्या शतकात झालेली दिसते. तेव्हा संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे 11 नोव्हेंबरपासून, उपास धरत. वेदीवरचा जांभळा रंग हा त्या उपासाचा उरलेला धागा. नव्या वाचकाला चकवणारी गोष्ट अशी की पहिल्या रविवारची वाचने बाळाची नसतातच; ती जगाच्या शेवटाची, ख्रिस्ताच्या दुसऱ्या येण्याची असतात. मग दोन रविवार बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे. मरीया आणि योसेफ यांची गाठ पडते ती चौथ्या रविवारी. पाळण्याकडे जायची वाट शेवटाकडून निघते. ही उलटी मांडणी मी संग्रहात जशीच्या तशी ठेवली आहे. कुणाला पहिले आठ दिवस जड जातील, त्याला इलाज नाही.

अहमदनगरकडच्या आमच्या जुन्या मिशन मंडळ्यांत हा काळ फारसा पाळला जात नसे. त्यालाही कारण आहे. 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये नगरला आलेले अमेरिकन मिशनरी न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतले होते, आणि त्यांच्या पूर्वजांनी मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 साली नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. कायदा 1681 मध्ये मागे घेतला गेला, पण सणावारांविषयीचा संशय पुष्कळ पिढ्या टिकला. पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. तो दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार होता.

वाचनांची माळ गुंफण्याची कल्पना अर्थात माझी नाही. 1880 च्या नाताळाच्या आदल्या रात्री इंग्लंडातल्या ट्रुरो शहरात बिशप बेन्सन यांनी नऊ वाचने आणि मधूनमधून गीते अशी उपासना घेतली. कॅथीड्रलचे बांधकाम चालू होते, म्हणून ती एका लाकडी शेडमध्ये झाली. गायकवृंदातल्या पोरापासून सुरुवात करून शेवटचे वाचन बिशपने करायचे, असा चढता क्रम. 1918 मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात एरिक मिलनर-व्हाइट या डीनने ती पद्धत उचलली. युद्धातल्या पलटणीचा चॅप्लेन म्हणून काम करून तो नुकताच परतला होता आणि लढाई थांबून सहा आठवडे झाले होते. 1928 पासून बीबीसीने ती उपासना प्रक्षेपित करायला सुरुवात केली आणि जगभरच्या चर्चांनी तिची नक्कल केली.

त्या क्रमाबद्दल माझी एक तक्रार आहे. यशयाच्या नवव्या अध्यायातून तिथे अंधारातल्या लोकांना दिसलेला उजेड घेतात आणि मग थेट बाळाच्या जन्मावर उडी मारतात. मधल्या ओळी वाचतच नाहीत. त्या ओळींत आहे काय? लढाईत दणदणत चाललेले शिपायांचे बूट आणि रक्ताने भिजलेले अंगरखे जळणात टाकले जातील, असे आहे. यशया ज्या मुलखाबद्दल बोलतो तो जबुलून आणि नफतालीचा, म्हणजे गालीलाचा. अश्शूरच्या तिसऱ्या तिग्लथ-पिलेसरने इ.स.पू. 733-732 मध्ये तो गिळला होता. त्या लोकांनी तो आवाज ऐकलेला होता. बुटासाठी तिथे आलेला हिब्रू शब्दही अश्शूरी भाषेशी नाते सांगणारा मानला जातो. जेत्याच्या पायताणाला जेत्याचाच शब्द. ते बूट चुलीत गेल्याशिवाय पुढच्या ओळीतल्या बाळाचा आनंद कळत नाही. कॅथलिक मंडळींच्या मध्यरात्रीच्या मिस्सात हे वाचन पूर्ण होते. मीही पूर्ण घेतले आहे.

दाऊद आणि नाथान यांचे वाचन सहाव्या दिवशी आहे. त्याच्यासाठी मी बराच वेळ दिला, कारण ते मराठीत फार छान लागते. दाऊद राजा झाला, देवदारूच्या महालात राहू लागला, आणि त्याला वाटले की देवाचा कोश तंबूत आणि आपण महालात, हे बरे नाही. देवाला घर बांधावे. नाथान रात्री निरोप घेऊन येतो. निरोपाचा मथितार्थ असा: तू मला घर बांधणार? मीच तुझे घर बांधीन. हिब्रूत 'बाइत' हा एकच शब्द घर आणि घराणे दोन्हींसाठी चालतो आणि सगळा प्रसंग त्या श्लेषावर उभा आहे. इंग्रजीतून वाचणाऱ्याला तो समजावून सांगावा लागतो. आपल्याकडे घरातूनच घराणे निघते. राजपुत्र, गादी, अभिषिक्त, ही पुढची सगळी भाषा या एका रात्रीच्या निरोपातून आली आहे. हिब्रूत 'माशियाह', ग्रीकमध्ये 'ख्रिस्तोस', अर्थ तेलाने अभिषेक केलेला. आपल्या अभिषेकात दूध, पाणी, पंचामृत असते आणि ते देवाच्या मूर्तीवर पडते. इथे शिंगात भरलेले जैतुनाचे तेल माणसाच्या डोक्यावर ओततात. शमुवेल ते शिंग घेऊन बेथलेहेमला इशायाच्या घरी गेला तेव्हा सात मुलगे समोर उभे केले गेले आणि आठवा मेंढरांमागे रानात होता. त्याला बोलावणे धाडले आणि तो येईपर्यंत कुणी जेवायला बसले नाही.

हे घराणे पुढे वठले. म्हणून यशयाचा अकरावा अध्याय झाडाबद्दल नाही, खुंटाबद्दल बोलतो. खुंट दाऊदाचा म्हटलेला नाही, इशायाचा म्हटला आहे; राजाच्याही मागे, त्याच्या शेतकरी बापापर्यंत. तोडलेल्या उसाला खोडवा कसा येतो हे ज्याने पाहिले आहे त्याला हा अध्याय समजवावा लागत नाही. जैतुनाचे झाडही तसेच: बुंधा म्हातारा होऊन पोकळ झाला, तोडला, तरी मुळाशी धुमारे येत राहतात. पुढे लांडगा आणि कोकरू, नागाच्या बिळाशी खेळणारे तान्हे. तो भाग सगळ्यांना पाठ आहे, मी त्याच्यावर काही लिहिले नाही.

उत्पत्तीतली दोन वाचने, सर्पाला दिलेला शाप आणि अब्राहामाला दिलेला आशीर्वाद, परंपरेने सुरुवातीला येतात. तशी ती आहेत. बलामाच्या ताऱ्याचे वाचन जागेअभावी गाळले.

मीखाचे वाचन छोटे आहे. मीखा हा मोरेशेथ गावचा, यरुशलेमच्या बड्या लोकांवर डाफरणारा. रात्री अंथरुणात पडून दुसऱ्याचे शेत कसे लाटायचे याचे बेत करणारे लोक त्याच्या ग्रंथात आहेत, आणि ते आजच्या तलाठी कार्यालयाबाहेरही भेटतात. असा माणूस म्हणतो की राज्यकर्ता राजधानीतून येणार नाही, बेथलेहेमातून येईल, जे यहूदाच्या कुळांत लहानसे आहे. मत्तयाने हे वचन उद्धृत करताना एक फेरफार केला. मीखाचे 'लहान' त्याच्याकडे 'मुळीच कनिष्ठ नाही' असे झाले. पण त्याहून मला खटकते ती दुसरी गोष्ट. पूर्वेकडचे ज्योतिषी हेरोदाच्या दरबारात विचारतात, राजा कुठे जन्मला? मुख्य याजक आणि शास्त्री लगेच संदर्भ काढून देतात, अचूक. बेथलेहेम यरुशलेमपासून नऊ-दहा किलोमीटरवर, दोन तासांची चाल. परदेशी लोक गेले. शास्त्र्यांपैकी कुणी उठून गेल्याचे मत्तय लिहीत नाही.

तिसऱ्या आठवड्यात यशयाचा चाळिसावा अध्याय येतो. इ.स.पू. 586च्या सुमारास यरुशलेम बेचिराख झाले, लोक बाबेलला नेले गेले, आणि तिथे पन्नासेक वर्षांनी हा आवाज उठतो. हे अध्याय आठव्या शतकातल्या यशयाचे नाहीत, बंदिवासातल्या त्याच्या परंपरेतल्या कुणाचे तरी आहेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात; मलाही तसेच वाटते, आणि त्याने त्यांचे वजन कमी झाले असे वाटत नाही. रानात देवासाठी वाट तयार करा, असा त्याचा पुकारा आहे. मराठीत वाट पाहतात आणि वाट करतातही. बाबेलच्या लोकांना दोन्ही एकदम करायला सांगितले होते. इ.स.पू. 539 मध्ये पारसाच्या कोरेशाने बाबेल घेतले आणि त्यांना परत जायला मोकळीक दिली. या कोरेशाला पंचेचाळिसावा अध्याय चक्क 'अभिषिक्त' म्हणतो. यहोवाला न ओळखणारा परका राजा, आणि त्याला मशीहाचा शब्द! उपदेशात ही ओळ क्वचितच येते. मी ती चाळिसाव्या अध्यायाला जोडून घेतली आहे.

जुन्या कराराच्या शेवटी आपल्या बायबलमध्ये मलाखी आहे, आणि त्याच्या शेवटच्या ओळींत एलिया येणार असे आश्वासन आहे. पान उलटले की मत्तय. मधल्या कोऱ्या पानात चारेकशे वर्षे आहेत. यहुदी बायबलमध्ये हेच ग्रंथ वेगळ्या क्रमाने लावलेले असतात आणि शेवटी येतो इतिहास, कोरेशाच्या परतीच्या फर्मानासह. तेच ग्रंथ, पण एका मांडणीत शेवटी माणूस येणार आहे आणि दुसऱ्या मांडणीत लोक घरी जाणार आहेत. हे वाचताना ख्रिस्ती वाचकाने एवढे लक्षात ठेवावे की ही पाने आधी दुसऱ्यांची आहेत आणि ते लोक आजही ती वाचताहेत. आपल्याला त्यासाठी लांब जायला नको. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने शनिवार तेली म्हटले, ते मराठी बोलणारे यहुदी याच एलियाला 'एलियाहू हन्नबी' म्हणून आठवतात. नवसाला, मंगलप्रसंगी मलिद्याचे ताट करतात: भिजवलेले गोड पोहे, खोबरे, फळे. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे. मलाखीची शेवटची ओळ मराठीतून, पोह्यांच्या ताटासमोर बसून वाट पाहणारे लोक रायगड जिल्ह्यात आहेत हे मला मोठेपणी कळले. लहानपणी कुणी सांगितले असते तर मलाखी इतका कोरडा वाटला नसता.

भाषांतराविषयी थोडे. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबल त्यांच्या निधनानंतर 1924 मध्ये बाहेर आले. बाईमाणसाला, शेतातल्या माणसाला कळावे हा त्यांचा आग्रह होता. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' दिले आणि त्याला 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. टिपणे लिहिताना ही दोन्ही आणि घरातले जुने बायबल सोसायटीचे, अशी तीन पुस्तके टेबलावर उघडी होती. तिसऱ्यात आजीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. यशयाच्या सातव्या अध्यायात तिने कठीण नावांवर बारीक उभ्या रेघा मारून अक्षरे तोडून दिली आहेत, एका बारा वर्षांच्या पोरासाठी.

24 तारखेला मी गव्हाणी ठेवलेली नाही. ती दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये भेटेलच. शेवटचे वाचन मत्तयाच्या अकराव्या अध्यायातले आहे. ज्याने यार्देनेच्या काठावर उभे राहून 'येणारा येतो आहे' म्हणून गर्जना केली तो योहान आता हेरोद अंतिपाच्या तुरुंगात आहे. योसेफस इतिहासकाराच्या म्हणण्याप्रमाणे मृत समुद्राच्या पूर्वेकडच्या मखैरस किल्ल्यात. तिथून तो आपल्या शिष्यांबरोबर येशूकडे विचारणा धाडतो: येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहायची? येशू हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. जे पाहता-ऐकता ते जाऊन सांगा, म्हणतो, आणि मग यादी देतो: आंधळे, लंगडे, कोडी, बहिरे, मेलेले, गरीब. यादीतले बरेच काही यशयाच्या पस्तिसाव्या आणि एकसष्टाव्या अध्यायांतून आलेले आहे. योहानाला ते तोंडपाठ असणार. एकसष्टाव्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, बंदिवानांच्या सुटकेची. नासरेथच्या सभास्थानात येशूने ती वाचून दाखवली होती असे लूक सांगतो. तुरुंगात पाठवलेल्या या निरोपात ती नाही.

शिष्य निरोप घेऊन परत गेले. तो ऐकून योहान काय म्हणाला, हे चारपैकी एकाही शुभवर्तमानात लिहिलेले नाही.